पेठेतला जुना वाडा कसा वाचावा : बदलांचे थर ओळखण्याची रीत

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये जे वाडे अजून उभे आहेत, त्यांपैकी बांधले तेव्हाच्याच रूपात टिकलेला वाडा शोधूनही सहसा सापडत नाही. दरवाजाची चौकट पेशवाईतली असते, तिच्यावरचा लोखंडी कठड्याचा सज्जा इंग्रजी अमलातला असतो, चौकातली शहाबादी फरशी त्याहून अलीकडची असते आणि ओसरी बंद करून काढलेल्या खोल्या आपल्या आजोबांच्या पिढीतल्या असतात. वारसा म्हणून वाड्याकडे पाहणारे पुष्कळ लोक यांतला पहिला थर तेवढा अस्सल मानतात आणि बाकीचे सारे काढून टाकण्याजोगे समजतात. मला ते पटत नाही. वाडा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गरजेपोटी बदलत गेला, हे समजून घेतल्यावाचून कोणता भाग राखावा आणि कोणता काढावा हे ठरवता येत नाही. घाईने केलेल्या दुरुस्तीत नेमके तेच पुरावे नष्ट होतात, ज्यांच्यावरून हा निर्णय घ्यायचा असतो.

ही रीत वाड्याच्या मालकांसाठी आहे, तशीच तिथे राहणाऱ्या भाडेकऱ्यांसाठी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. तिला महागडी साधने लागत नाहीत. मोजण्याची टेप, ओळंबा, चांगली विजेरी, चौकटी आखलेला कागद, कॅमेरा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा जाऊन पाहण्याची तयारी एवढे पुरते. उदाहरणे पुण्याची दिली आहेत. वाई, सातारा किंवा नाशिक इथल्या वाड्यांनाही हीच पद्धत लागू पडते, मात्र तिथला दगड, तिथली माती आणि तिथल्या नदीचे पूर यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

खणापासून सुरुवात

वाडा उभा राहतो तो मुख्यतः लाकडी सांगाड्यावर. काळ्या घडीव दगडाचे जोते, जोत्यावर दगडी तळखडे (खांबांच्या बैठका), तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडे) आणि कड्यांवर पाट (फळ्या), अशी ही रचना आहे. पाटांवर मातीचा थर घालून वरच्या मजल्याची जमीन केलेली असते. खांबांमधल्या भिंती पुष्कळदा केवळ भरणीच्या असतात, म्हणजे बाहेरून वीट आणि चुना दिसत असला तरी पोटात माती आणि दगडगोटे असतात. ही रचना नीट लक्षात घेतली की वाड्यांमध्ये एवढे फेरफार का होऊ शकले, याचे कारणही कळते. भरणीची भिंत पाडली, सरकवली किंवा नव्याने घातली तरी सांगाडा उभाच राहतो. म्हणून भिंती वारंवार बदलतात, खांब क्वचित बदलतात आणि डोक्यावरचा कडीपाट सर्वांत कमी बदलतो.

दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. जुन्या काळी घराची मोजदादच खणांत होत असे. अमुक खणांचा सोपा (ओसरीसारखा उघडा भाग), तमुक खणांची माडी असे उल्लेख जुन्या कागदपत्रांत येतात. हा खण बहुतेक ठिकाणी पाच-सहा फुटांच्या आसपास असतो, परंतु नेमके माप वाड्यागणिक वेगळे असते आणि एका वाड्यात, एका वेळी बांधलेल्या भागात, ते बऱ्यापैकी एकसारखे राहते. वाडा वाचण्याची सर्वांत भरवशाची मोजपट्टी हीच आहे. म्हणून पहिले काम असे करावे की चौकात उभे राहून चारही बाजूंचे खांब मोजावेत, प्रत्येक खणाला दिशेप्रमाणे क्रमांक द्यावा (पूर्वेचा पहिला, पूर्वेचा दुसरा, याप्रमाणे) आणि प्रत्येक खणाचे माप कागदावर लिहावे. भिंती, दारे आणि खिडक्या या टप्प्यावर काढूच नयेत. आधी केवळ खांबांचा नकाशा तयार होऊ द्यावा.

हा नकाशा पूर्ण झाला की विसंगती आपोआप दिसू लागतात. एका बाजूचे सगळे खण साडेपाच फुटांचे असून मध्येच एक अकरा फुटांचा आला, तर तिथला खांब काढलेला आहे असे समजावे आणि वर पाहावे. त्या जागी बहुधा लोखंडी गर्डर सापडेल. दुसऱ्या चौकातले खण पहिल्या चौकापेक्षा सरसकट सहा इंचांनी मोठे असतील, तर तो चौक वेगळ्या वेळी, कदाचित वेगळ्या सुताराच्या हातून झालेला आहे. खालच्या मजल्याचे खांब आणि वरच्या मजल्याचे खांब एका ओळंब्यात येत नसतील, तर वरचा मजला नंतर चढवला असण्याची शक्यता बळावते. हा नकाशा तयार होईपर्यंत वाड्याचे वय सांगणाऱ्या कोणाच्याही विधानावर, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विधानावरही, नुसती नोंद घेण्यापलीकडे विसंबू नये.

आरंभीचा सांगाडा कसा असे याची कल्पना यायला दोन वास्तू पाहून ठेवाव्यात. शनिवारवाड्यातले लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेले, पण आत अजून दिसणारी जोती आणि पाया यांवरून चौकांची मांडणी उघड्या डोळ्यांनी वाचता येते. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात सुरूच्या आकाराचे खांब, त्यांच्यावरची कोरीव केळफुले आणि महिरपी (नक्षीदार कमानी) जवळून पाहता येतात. मात्र हा वाडाही १८७९ च्या आगीत पोळलेला आणि नंतर दुरुस्त झालेला आहे, त्यामुळे तो आरंभीचा नमुना म्हणून पाहताना तिथले बदलही वेगळे काढण्याचा सराव करावा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. शहराच्या दाटीपासून दूर राहिल्यामुळे तिथे चौकांची मूळ मांडणी अधिक स्पष्ट उरली आहे. पेठेतल्या वाड्याशी ताडून पाहायला तो मला फार उपयोगी वाटतो.

कोण कोणावर चढले आहे

मापांनंतरचा टप्पा क्रम लावण्याचा आहे. एकच नियम घट्ट धरावा. जो भाग दुसऱ्या भागाला झाकतो, कापतो किंवा येऊन टेकतो, तो नंतरचा असतो. ओसरीतल्या आडभिंतीच्या टोकाशी विजेरी धरून पाहावे. खांबावरचा रंग किंवा भिंतीचा गिलावा आडभिंतीच्या मागे तसाच पुढे गेलेला असेल, तर आडभिंत नंतर आली. दोन भिंती जिथे मिळतात तिथे विटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत की वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट आहे, हे पाहावे. गुंतलेल्या भिंती एका वेळच्या असतात आणि उभी फट दोन वेळांची असते. जिन्याजवळ छताकडे पाहावे. कड्या मध्येच कापून आडव्या लाकडात अडकवल्या असतील, तर तो जिना मूळ नाही. जुने जिने अरुंद, अंधारे, बहुधा भिंतीच्या जाडीत किंवा कोपऱ्यात दडवलेले असत आणि वरचे तोंड लाकडी झाकणाने बंद करता येत असे. चौकात उतरणारा, लोखंडी कठड्याचा मोकळा जिना हा एका घराची अनेक बिऱ्हाडे झाल्यानंतरच्या गरजेचा आहे, कारण वरच्या भाडेकऱ्याला मालकाच्या माजघरातून जाता येत नाही.

खांबांवर आणि तुळयांवर रिकाम्या खाचा शोधाव्यात. सुताराने खाच केली म्हणजे तिच्यात कधीतरी काही बसत होते. दोन समोरासमोरच्या खांबांवर सारख्या उंचीवर रिकाम्या खाचा असतील, तर तिथे कठडा किंवा महिरप होती. याउलट एखाद्या तुळईवर अशा खाचा असतील की ज्यांना आसपास काहीच जुळत नाही, तर ती तुळई दुसऱ्या वास्तूतून आणलेली आहे. पडलेल्या किंवा जळालेल्या वाड्यांचे सागवान पुन्हा वापरले जात असे, कारण चांगले साग कोणी वाया घालवत नसे. म्हणून नुसत्या कोरीव खांबावरून त्या भागाचे वय ठरवू नये. जुने लाकूड नव्या बांधकामात येऊ शकते, नवे लाकूड जुन्या बांधकामात मागे जाऊ शकत नाही. एखाद्या भागाचे वय ठरवायचे असेल तर त्या भागात मुळापासून बसलेली सर्वांत नवी वस्तू शोधावी, कारण तो भाग तिच्या आधीचा असूच शकत नाही.

बुजवलेली दारे-खिडक्या ओळखायला पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले. भरलेली जागा आणि मूळ भिंत वेगवेगळ्या गतीने वाळतात आणि ओलीच्या डागातून चौकटीचा आकार उमटतो. एरवी तिरप्या उजेडात पाहिले की गिलाव्यातल्या बारीक चिरा चौकोन दाखवतात, आणि बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले की आवाज बदलतो. गिलावा फोडून पाहण्याचा मोह आवरावा. अगदीच आवश्यक असेल तर जाणकाराच्या देखरेखीखाली, कोपऱ्यातली तळहाताएवढी जागा पुरते.

पायाकडेही तेवढेच लक्ष द्यावे. खांबाखालचा तळखडा किती इंच दिसतो ते प्रत्येक खांबापाशी मोजावे. ओसरीत तो पूर्ण दिसत असेल आणि आतल्या खोलीत निम्मा गाडला गेला असेल, तर आतली जमीन तेवढी चढली आहे. मूळच्या सारवलेल्या जमिनीवर शहाबादी, तिच्यावर मोझेक आणि मोझेकवर आजची चकचकीत टाइल असे थर पडत जातात. रस्ताही असाच चढतो. दरवाजाच्या बाहेर पूर्वी पायऱ्या चढून आत जावे लागत असेल आणि आज उंबरा रस्त्याच्या पातळीत किंवा खाली गेला असेल, तर तो वाडा बुटका झालेला नाही, डांबराचे थर वर आले आहेत. पावसाचे पाणी आत शिरण्याचे आणि खांबांचे पाय कुजण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ते फार वेळा सुटून जाते.

साहित्यावरून काळ

क्रम लागला की वर्षांचा अंदाज बांधता येतो, आणि यासाठी साहित्य फार मदत करते. पेशवाईतली वीट पातळ असते, तिची जाडी आजच्या विटेच्या निम्म्याच्या आसपास भरते आणि कडा हाताने थापल्यासारख्या असमान असतात. नऊ इंच लांबीची जाड वीट इंग्रजी अमलात रूढ झाली. जुन्या चुन्यात पांढऱ्या खड्यांचे ठिपके दिसतात आणि किल्लीच्या टोकाने तो खरवडता येतो. सिमेंट करडे, एकजीव आणि कडक असते. भारतात सिमेंटचे व्यवस्थित उत्पादन १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सुरू झाले, त्यामुळे घरगुती दुरुस्तीत सिमेंट दिसले की ते काम बहुधा त्यानंतरच्या दशकांतले असते.

लाकडावरच्या खुणाही बोलक्या आहेत. वाकसाने (सुताराच्या तासणीने) तासलेल्या तुळईवर उथळ, थोड्या वेड्यावाकड्या टवक्यांच्या खुणा असतात, हातकरवतीच्या रेघा सरळ पण असमान असतात आणि यंत्रावरच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि डोक्याशी जाड असतो. तारेचा गोल खिळा कारखान्यातला असतो. जुन्या दाराला बिजागरी नसते. फळीच्याच वरच्या आणि खालच्या टोकाला काढलेली खुंटी चौकटीच्या खळग्यात फिरते, आणि आतून दार लावायला भिंतीच्या पोटात सरकणारा अडसर असतो. अडसराचे भोक भिंतीत असेल आणि दार मात्र बिजागरीवर असेल, तर दार बदलले आहे, भिंत जुनी आहे.

रेल्वेने वाड्यांच्या बांधकामात जो फरक पाडला, तो माझ्या मते सर्वांत मोठा आहे. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत रूळ आले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा टप्पा खुला होऊन मुंबई बंदर थेट जोडले गेले. यानंतर काच, ओतीव लोखंडी कठडे, पन्हळी पत्रा, बाहेरचे साग आणि पुढे गर्डर हे सगळे पेठेत सहज पोहोचू लागले. शहाबादी फरशीसुद्धा घरोघरी आली ती रेल्वेमुळेच. छपरांवरच्या कुंभारी नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले आली. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि मंगळुरी कौलाच्या आतल्या बाजूला कारखान्याचे नाव उमटवलेले असते, म्हणून छपराच्या दुरुस्तीच्या वेळी निघालेले निदान एक कौल उलटे करून त्याचे छायाचित्र घ्यावे. शेजारच्या उंच भिंतीवर जुन्या पाख्याची (छपराच्या उताराची) तिरपी रेघ राहिली असेल तर तिचीही नोंद करावी, कारण छप्पर कधी उचलले गेले हे तिच्यावरून कळते.

गर्डरच्या बाबतीत तर पुरावा जवळजवळ छापील स्वरूपात मिळतो. पोलादी तुळईच्या पोटावर कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. रंगाच्या थरांखाली ते दडलेले असते, पण तिरपी विजेरी धरली की वाचता येते. डोरमन लाँग या इंग्लंडमधल्या कंपनीचे नाव जुन्या गर्डरवर वारंवार सापडते. टाटांचे नाव असेल तर तो गर्डर १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद त्या वर्षी निघू लागले. रस्त्याकडच्या तळमजल्यावर दोन खणांची मिळून एक रुंद दुकानाची जागा केलेली असेल, तर हा गर्डर आवर्जून शोधावा, कारण दर्शनी भिंत फोडून दुकान काढल्याचा काळ त्यावरून ठरतो. गर्डर न घालता खांब काढलेला आढळला, तर अभ्यास थांबवून आधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

रस्त्याकडच्या खिडक्यांचाही असाच विचार करावा. आरंभीचा वाडा आत, चौकाकडे तोंड करून असे. बाहेरच्या भिंतीत खालच्या बाजूला झरोक्यांपलीकडे फारसे काही नसे. शांतता आणि पोलीस बंदोबस्त आल्यावर, रस्त्यावरच्या व्यापाराचे महत्त्व वाढल्यावर आणि पुढे १८९७ च्या प्लेगनंतर घरात उजेड आणि हवा हवी हा आग्रह वाढल्यावर या भिंती उघडत गेल्या. जाड भिंतीत नंतर पाडलेल्या खिडकीच्या बाजू सरळ कापलेल्या असतात आणि तिच्यावर कमानीऐवजी सपाट लाकूड, दगडी पट्टी किंवा काँक्रीट असते.

बिऱ्हाडांचा थर

वाड्याच्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित, पण माणसांच्या दृष्टीने सर्वांत भरगच्च थर भाडेकऱ्यांचा आहे. कुटुंबे वाटली गेली, उत्पन्न आटले आणि नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्यांना जागा हवी होती, त्यामुळे वाडे खणाखणाने भाड्याने जाऊ लागले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा आधार धरला, आणि भाडी जवळजवळ गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकऱ्याला जागा सोडणे परवडेना. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत ही स्थिती चालू राहिली आणि पुष्कळ जुन्या भाडेकरारांत पुढेही तिचे परिणाम उरले. वाड्यांची जी पडझड आज दिसते, तिची मुळे या आर्थिक कोंडीत आहेत. कोणा एका पक्षाच्या बेफिकिरीवर तिचे खापर फोडणे अन्यायाचे आहे.

हा थर ओळखण्याच्या खुणा अशा आहेत. दोन खणांच्या खोलीत एका कोपऱ्यात कट्टा घालून केलेली मोरी. खिडकीत बसवलेला स्वयंपाकाचा ओटा. ओसरीच्या खांबांमध्ये फळ्या, पत्रे किंवा अर्ध्या विटेची भिंत घालून मिळवलेली जागा. दिवाणखान्याचे दोन-तीन भाग होऊन प्रत्येक भागात तक्तपोशीचा (छताला खालून मारलेल्या नक्षीदार फळ्यांचा) एकेक तुकडा उरलेला. मूळ छताची नक्षी जोडून पाहिली की दिवाणखान्याची लांबी-रुंदी परत मिळते. चौकातल्या सामाईक नळाची आणि मागच्या बाजूच्या संडासांची रांग. आड बुजवला असेल किंवा त्यावर जाळी टाकलेली असेल तर त्याची जागा नकाशात दाखवावी. हौद असेल तर त्याला पाणी कोठून येत होते, हे तपासावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून बंदिस्त नळाने पाणी शहरात आणले होते आणि काही वाड्यांतल्या हौदांना ते मिळत असे. विजेचीही नोंद करावी. लाकडी पट्टीवरून नेलेल्या तारा आणि काळी गोल बटणे अजून भिंतीवर असतील, तर त्यांचा मार्ग काढून ठेवावा. ज्या आडभिंतीला वळसा घालून ती पट्टी जाते, ती भिंत विजेच्या आधीची आहे, आणि ज्या भिंतीखाली पट्टी गाडली गेली आहे, ती नंतरची.

भिंतीच्या रंगांचेही थर मोजता येतात. नजरेआडच्या जागी धारदार पात्याने पायरीपायरीने एकेक थर उघडला की आधी ऑइलपेंट, मग डिस्टेंपर, मग निळीचा चुना आणि खाली काव किंवा साधा चुना असे काही निघते. दिवाणखान्यात आणि देवघरात मात्र हे स्वतः करू नये. तिथे चुन्याखाली भित्तिचित्रे असू शकतात.

पानशेतची रेघ

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. नारायण, शनिवार, कसबा अशा पेठांतल्या वाड्यांचा अभ्यास करताना हा दिवस विसरता येत नाही. मातीच्या पोटाच्या भिंती पाण्यात विरघळल्या, पण पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा आणि वरचा मजला टिकून राहिला. म्हणून या भागात उलटा प्रकार दिसतो. वरचे बांधकाम जुने आणि खालचे नवे. तळमजल्यावर एका विशिष्ट उंचीपर्यंत नऊ इंची वीट आणि सिमेंट, त्याच्यावर पातळ वीट आणि चुना अशी आडवी सीमा सापडली आणि ती सीमा सगळ्या खोल्यांत साधारण एकाच पातळीत असली, तर ती पुरानंतरची दुरुस्ती असण्याची दाट शक्यता आहे. खात्रीसाठी ही पातळी जोत्यापासून न मोजता एका ठरावीक बिंदूपासून पाण्याच्या नळीने सगळीकडे मिळवून पाहावी. जमीन चढउताराची असली तरी पुराचे पाणी सपाटच राहते.

पूर हा स्मरणाचाही खुंटा आहे. वाड्यातल्या वृद्ध रहिवाशांना “ही भिंत कोणत्या साली घातली?” असे विचारले तर उत्तर येत नाही. “काकू, पानशेतच्या आधी की नंतर?” असे विचारले तर बहुधा तत्काळ उत्तर येते, आणि त्यासोबत कोण कुठे राहत होते, स्वयंपाक कुठे होई, पाणी कुठून भरत हेही येते. १९६७ चा कोयनेचा भूकंप, घरातले एखादे लग्न, धाकट्याचा जन्म अशा खुंट्यांचाही असाच उपयोग करावा. चौकात काढलेली लग्नामुंजीची जुनी छायाचित्रे मागून घ्यावीत. माणसांच्या मागे जी दारे, कठडे आणि फरशी दिसते, ती आपल्याला हवी असते. प्रत्येक आठवण सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावी आणि भिंतीवरच्या पुराव्याशी मग ताडून पाहावी.

कागदपत्रांचा क्रम यानंतर ठेवावा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशा मिळतो. त्यावरून वाटण्या आणि विक्री कळते, आणि वाटणीची रेघ चौकातून गेली असेल तर चौकातली भिंत का आली याचा उलगडा होतो. महानगरपालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या नोंदींत खोल्यांची आणि भाडेकऱ्यांची संख्या कशी वाढली ते दिसते. घरातली खरेदीखते आणि वाटणीपत्रे मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावीत. सरदार किंवा सावकार घराण्याचा वाडा असेल तर पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथे शोध घेण्याजोगा आहे. सामान्य गृहस्थाच्या वाड्याबद्दल तिथे फारसे हाती लागेलच असे नाही, आणि त्याने निराश होऊ नये. अशा वाड्याचा मुख्य पुरावा त्याच्या लाकडावर आणि विटेवरच असतो.

नकाशा आणि निर्णय

आता खांबांच्या मूळ नकाशाच्या प्रती काढून त्यांवर भिंती भराव्यात आणि प्रत्येक काळाला वेगळा रंग द्यावा. पेशवाई, रेल्वेपर्यंतचा काळ, रेल्वेपासून पहिल्या महायुद्धापर्यंत, तिथून १९६१ पर्यंत आणि त्यानंतर, एवढे पाच रंग पुण्याला पुरतात. प्रत्येक भिंतीशेजारी निश्चित, संभाव्य किंवा तर्क यांपैकी एक शब्द लिहावा आणि कशावरून ठरवले ते एका ओळीत नोंदवावे. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण ती नसेल तर आजचा तर्क पुढच्या पिढीत निश्चित म्हणून सांगितला जातो.

दुरुस्ती ठरवताना मी एक भेद पाळावा असे सुचवतो. जो बदल वाड्याच्या सांगाड्याला किंवा ओलाव्याच्या वाटेला इजा करतो, तो काढावा, मग तो कितीही जुना असो. जो इजा करत नाही, तो केवळ नवा आहे म्हणून काढू नये. मातीच्या भिंतीवर थापलेले सिमेंट पहिल्या प्रकारात येते, कारण ते ओल आत कोंडते आणि ती ओल खांबांच्या पायांत आणि तुळयांच्या टोकांत शिरून वाळवीला आमंत्रण देते. कड्यांवर ओतलेला काँक्रीटचा थर, गच्चीवरच्या जड टाक्या आणि आधाराविना काढलेले खांबही त्यातच येतात. याउलट मोझेकची फरशी, रंगीत काचांचे तावदान, ओतीव लोखंडाचा कठडा हे काही पेशवाईतले नाहीत. तरी ते चांगल्या कारागिरीचे आहेत आणि वाड्याच्या आयुष्यातल्या एका खऱ्या काळाचे आहेत. विसाव्या शतकातला सुस्थितीतला सज्जा उतरवून त्याजागी नव्याने कोरून घेतलेली बनावट महिरप लावली जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण तिथे एक खरा थर जातो आणि त्याच्या बदल्यात कोणत्याच काळाची नसलेली वस्तू येते.

गिलाव्याची दुरुस्ती चुन्यातच करावी. चुना नीट विरवून पाण्याखाली मुरवलेला असावा, वाळू धुतलेली असावी, थर पातळ असावेत आणि प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवावा. काम हिवाळ्यात काढावे. कडक उन्हात चुना तडकतो आणि पावसात तो धरत नाही. लाकडाचा कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड द्यावा आणि जोडावर साल कोरावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो शोधत बसावे लागणार नाही. वाडा महानगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे काम काढण्यापूर्वी पाहून घ्यावे, कारण त्यावर परवानगीची पद्धत अवलंबून असते.

वाडा पाडण्याचेच ठरले असेल, तर मोजमाप आधी पूर्ण करावे आणि पाडकामाच्या दिवसांतही हजर राहण्याची परवानगी घ्यावी, कारण भिंतीच्या पोटातली बळदे (धान्य साठवण्याच्या पोकळ जागा), तळखड्यांखालचा पाया आणि तुळयांची टोके तेव्हाच उघडी पडतात. सागवान विकले जाणार असते, म्हणून खांब, तुळया आणि कोरीव भाग उतरवण्यापूर्वी प्रत्येकाच्या न दिसणाऱ्या बाजूवर नकाशातला खणाचा क्रमांक पक्क्या रंगाने घालावा आणि घेणाऱ्याला नकाशाची एक प्रत लाकडासोबत द्यावी.